आठ अक्षरं

सकाळी साडेनऊच्या आत उरकावं लागतं सगळं.
त्यानंतर धान उमलतं,
आणि उमललेल्या धानाला
आपण काय सांगणार?

सायत्राबाई कोडापे धुऱ्यावर उकिडवी बसते,
गुडघ्याला टेकवलेली लोंब,
बाळाची नखं काढावीत एवढीशी कात्री.
एकेका फुलाचं टोक तिरपं कापते,
चिमट्यानं पुंकेसर मोजून काढते,
चार, पाच, सहा.
"एक बी आत राहिला तं सोयरीक मोडली,"
म्हणते, आणि लोंबीला चढवते
बटर पेपरची टोपी.
टोपीवर तारीख मी लिहितो.
माझं अक्षर घाणेरडं, तिला वाचता येत नाही.
दोघांचं बरं चाललंय.

आई: मोहरकाडी. तिच्याच टोल्यावरचं धान.
माणसाएवढं उंच, दिवाळीआधीच लोळणारं,
गादमाशी आली की नुसते चंदेरी पोंगे.
पण एका चुलीवर शिजलं
तर तिसऱ्या घरचं कुत्रं उठून बसायचं.
बाप: बुटका, दणकट. माशीला दाद न देणारा.
त्याला नाव नाही, नंबर आहे.
भात होतो. भातच होतो फक्त.

मला वाटायचं, वासाच्या धानात
काहीतरी जास्तीचं असणार.
तसं नाही.
तिथं आठ अक्षरं गळलेली असतात.
ज्याची शाबूत, ते धान आपलं काम चोख करतं,
वास साठूच देत नाही.
ज्याची गळली, ते काम विसरतं,
आणि विसरतं म्हणून गमकतं.
आठ अक्षरांनी हलका तो तुकडा
जेलमध्ये जरासा पुढे पळतो.
मध्येच लाइट गेली नाही तर
काळ्या खोलीत त्याची पट्टी उजळते.

मशीन यायच्या आधी सायत्राबाई होती.
नातवंडं-पिढीतलं एकेक रोप, पान दाढेखाली,
थुंकायची, सांगायची: हे. हे नाही. हे.
सर तिला आमची प्रयोगशाळा म्हणायचे.
मग तापाचं ते वर्ष आलं.
ताप उतरला.

त्या हंगामातही तिनं पानं चावली,
वीस रोपांना लाल दोरे बांधले.
मशीन नवं होतं, म्हणून हात बसावा म्हणून
मी तीच वीस लावली.
पाच निघाली.
चाराला एक. डोळे मिटून उपटली असती
तरी तेवढीच.
मी पुन्हा लावली. पुन्हा पाच.

बोडीच्या पाळीवर विचारलं तिला.
ती पायाचा चिखल काडीनं खरवडत राहिली.
"भाजी करपली तरी समजत नाही मले.
सून सांगते."
मग बऱ्याच वेळानं,
"सरले नोको सांगू."

सांगितलं नाही.
जेल लावल्यावर तिला काळ्या खोलीत बोलावलं.
काच धरली, पट्टी दाखवली.
ही मागे, हिला वास नाही.
ही पुढे, ही तुझी.
अन् दोन्ही दिसल्या तर?
"तं मायबाप दोघंबी घरात," ती म्हणाली,
"वास असन, पण पडद्यात."
मी शिकवायला तीन महिने घेतले होते.
आता रजिस्टर मी लिहितो, सांगते ती,
वही वाचता न येणारी बाई,
नसलेली अक्षरं धडाधड वाचत.

यंदा सातवी पिढी.
पंधरा किलो झालं, चुरून, पाखडून.
शेडमागं तीन दगडांवर भगोणं ठेवलं.
झाकण काढताच सगळे वाकलो,
सर, ड्रायव्हर, रोजावरच्या बाया.
एकटी ती वाकली नाही.
आमची तोंडं पाहत उभी.
"हाय का?"

"आहे," मी म्हणालो.

"तेवढा हाय का?"

वाफ सरांच्या चष्म्यावर बसली होती.
मी एक घास घेतला, उगाच हळू चावला.
माशी लागणार नाही. लोळणार नाही.
एकरी पोती सरांनी आधीच वहीत मांडलेली.
"थोडा कमी आहे, बाई."

तिनं भगोण्यावर झाकण ठेवलं,
पदराला हात पुसला.
"मंग आणखी एक डाव
माहेरी धाडू तिले.
कात्री कोठं ठेवली तू?"